लिंबामागून निघालेले फुलपाखरू

१४९३ साली कोलंबस दुसऱ्यांदा अटलांटिक ओलांडून गेला, तेव्हा त्याच्या जहाजांवर संत्री, लिंबू आणि महाळुंगाच्या बिया होत्या. वाटेत कॅनरी बेटांवर घेतलेल्या या बिया कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावर रुजल्या आणि पुढे आसपासच्या बेटांवरही लिंबूवर्गीय झाडांच्या बागा उभ्या राहिल्या. २००४ साली याच बेटावर, आजच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात, काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके असलेले एक फुलपाखरू सापडले. अमेरिकेच्या दोन्ही खंडांत त्याची तोवर एकही नोंद नव्हती. आपल्याकडे ते गल्लोगल्ली दिसते. झाड आधी गेले आणि त्याची पाने खाणारा मागाहून पोचला. मध्ये ५११ वर्षे गेली एवढेच.

तेच फुलपाखरू या पुस्तकाचा विषय आहे. शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलिअस. इंग्रजीत लाइम बटरफ्लाय, ऑस्ट्रेलियात चेकर्ड स्वॉलोटेल. मराठीत त्याला लिंबावरचे फुलपाखरू म्हणतात, पण खरे तर आपल्या शेतकऱ्याला फुलपाखराशी देणेघेणे नसते. त्याचा संबंध अळीशी येतो आणि ती त्याच्या बोलण्यात सरळ ‘लिंबावरची पाने खाणारी अळी’ असते. स्वॉलोटेल कुलातल्या बहुतेकांच्या मागच्या पंखांना शेपटीसारखी टोके असतात, ती याला नाहीत. पंख पसरले की ८ ते १० सेंटिमीटर भरतात. मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी लाल ठिपका आणि त्याला लागून निळसर कड असते. ओळखायला एवढे पुरे. भर उन्हात मात्र ते इतक्या वेगाने आणि इतके खालून उडते की ठिपका पाहायची सवड मिळत नाही.

एवढ्या सामान्य फुलपाखरावर अख्खे पुस्तक कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला, म्हणजे राणी पाकोळीला, राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे देशातले ते पहिले राज्य. निवड चांगलीच होती. मोठे, मखमली काळे, निळ्या झाकेचे फुलपाखरू; पोस्टरवर शोभते. पण राणी पाकोळीचा मुलूख श्रीलंका, सह्याद्री, दक्षिण आणि पूर्व भारताचा काही भाग एवढाच. लिंबावरचे फुलपाखरू अरबस्तानापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरले आहे आणि अजून पसरतेच आहे. राणी पाकोळीची अळीही लिंबाच्याच कुलातली पाने खाते, माकडलिंबूवर वाढते, बागेतल्या लिंबावरही येते. मग एक घाटाच्या सावलीला धरून राहिले आणि दुसरे अर्ध्या जगभर गेले, हे कसे? सामान्य गोष्टीची चौकशी कोणी करत नाही, म्हणून हा प्रश्नही फारसा विचारला जात नाही. माझ्या मते उष्णकटिबंधातल्या आशियाचे एकच फुलपाखरू अभ्यासायचे असेल तर ते हे असावे. त्याच्या नकाशात जंगल, शेती, व्यापार आणि रसायनशास्त्र या चारही गोष्टी एकत्र आल्या आहेत.

सुरुवात घरच्या कुंडीपासून करू. कढीपत्त्याच्या रोपाला नवी पालवी फुटली की एखाद्या सकाळी मादी येते. ती फुलावर बसल्यासारखी निवांत बसत नाही. पंख सतत फडफडत ठेवून पानाला पुढच्या पायांनी भराभर थापा मारते. या पायांवर चव घेणारे सूक्ष्म केस असतात. पान योग्य झाडाचे आहे का, याची परीक्षा ती अशी पायांनी घेते. कोथिंबिरीच्या कुंडीवर क्षणभर टेकते आणि उडते. कढीपत्त्यावर आली की पोट खाली वाकवते, कोवळ्या पानाला एकच अंडे चिकटवते आणि पुढच्या फांदीकडे वळते. अंडे गोल, गुळगुळीत, फिकट पिवळे, जेमतेम मिलिमीटरभर. एका ठिकाणी एकच. शेजारीशेजारी दोन दिसली तर ती वेगवेगळ्या वेळी घातलेली असण्याची शक्यता जास्त.

तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते आणि पहिला घास स्वतःच्या अंड्याच्या टरफलाचा घेते. त्यानंतर पहिल्या चार अवस्थांत ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते: काळपट तपकिरी अंग, मध्ये पांढरा पट्टा आणि वरून ओलसर तकाकी. पानाच्या वरच्या बाजूला, भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ती पडून असते आणि पक्षी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. श्रावणी सोमवारी बेलाची पाने निवडताना एखादे पान ‘घाण झालेले’ म्हणून आपण बाजूला टाकतो. ते टाकण्याआधी बोटाने अलगद स्पर्श करून पाहावा. घाण हलली तर बेलावर वाढणारी ही अळी आहे.

चौथ्यांदा कात टाकल्यावर सगळा वेश पालटतो. पाचव्या अवस्थेतली अळी हिरवीगार, जाड, बोटाच्या दोन पेरांएवढी होते. आता ती विष्ठा म्हणून खपणार नाही इतकी मोठी झालेली असते, त्यामुळे पानात पान होऊन राहते. या अवस्थेत तिला डिवचले की डोक्यामागून नारिंगी रंगाची दुभंगलेली शिंगे झटकन बाहेर येतात आणि आंबूस, उग्र वास सुटतो. ऑस्मेटेरियम नावाची ही ग्रंथी स्वॉलोटेलांच्या सगळ्याच अळ्यांना असते. गंमत अशी की लहानपणी या ग्रंथीतून निघणारे द्रव्य वेगळे असते आणि शेवटच्या अवस्थेत वेगळे. लहान अळीच्या स्रावात झाडांच्या सुगंधी तेलांत सापडतात तशी टर्पीन जातीची द्रव्ये असतात; मोठीच्या स्रावात ब्युटिरिक आम्लाच्या भावकीतली तीव्र वासाची आम्ले. मुंग्या आणि छोटे भक्षक त्याने मागे हटतात. अळीत अंडी घालणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही, त्या निमूटपणे आपले काम उरकून जातात.

कोषाचे वर्णन पुढच्या प्रकरणात सविस्तर आहे. इथे एवढेच सांगतो की कोष हिरवा होणार की तपकिरी, हे अळी कुठे बसली त्यावर ठरते. हिरव्या पानांत, कोवळ्या काडीवर हिरवा. खरबरीत खोडावर किंवा भिंतीवर तपकिरी. एकाच आईची दोन पिल्ले दोन रंगांत लटकलेली पाहिली की वाचकाला याचे जास्त नवल वाटेल.

आता या अळीला नेमके काय चालते ते पाहू, कारण नकाशाची किल्ली तिथेच आहे. लिंबू, संत्रा, मोसंबी, पपनस, ईडलिंबू, बेल, कवठ, कढीपत्ता, कुंती, सताप. देवपूजेतला बेल, फोडणीतला कढीपत्ता आणि औषधातला सताप ही आपल्या लेखी तीन वेगळ्या घरची झाडे. वनस्पतिशास्त्रात ती एकाच लिंबू कुलातली आणि अळीलाही ती एकाच घरची वाटतात. आपण वर्गीकरण फुले-फळे पाहून केले, तिने पानाची चव घेऊन केले. उत्तरे जुळली.

पण ऑस्ट्रेलियात ही यादी एकदम बिघडते. तिथली उपजात स्थेनेलस, जिचे वर्णन मॅक्ले यांनी १८२६ साली केले, ती लिंबाच्या कुलावर क्वचितच अंडी घालते. तिच्या अळ्या क्युलेन नावाच्या प्रजातीवर वाढतात. क्युलेन शेंगांच्या कुलातले, म्हणजे तूर-हरभऱ्याच्या गणगोतातले. १७८८ साली इंग्रजांचा पहिला आरमारी ताफा ऑस्ट्रेलियाला गेला, तेव्हा वाटेत ब्राझीलमधून संत्र्या-लिंबांची रोपे आणि बिया त्याने नेल्या होत्या. त्यांच्यापासून तिथे मोठ्या बागा झाल्या. तरी तिथले हे फुलपाखरू कोरड्या माळावरच्या क्युलेनला चिकटून राहिले. पाऊस पडून तो माळ हिरवा झाला की त्यांचे थवेच्या थवे दूरवर स्थलांतर करतात. ऑस्ट्रेलियातला बागाईतदार म्हणूनच या फुलपाखराला फारसा घाबरत नाही. आपल्याकडच्या बागाईतदाराला मात्र त्याचा जाच आहे.

लिंबू आणि तूर यांच्यात एवढे काय समान असावे? याचे उत्तर आपल्या जुन्या वैद्यकात दडलेले आहे. क्युलेनची भारतातली बहीण म्हणजे बावची. पूर्वी तिला सोरालिया म्हणत. बावचीच्या बियांचा लेप पांढऱ्या कोडावर लावून अंग उन्हात धरायचे, हा उपचार आयुर्वेदात फार जुना. त्यामागचे रसायन सोरालेन. त्याचे नावच या झाडावरून पडले आहे. आधुनिक त्वचारोगतज्ज्ञही सोरालेन आणि अतिनील किरण यांचा एकत्र वापर करतात. सोरालेन फ्युरॅनोकुमॅरिन गटातले. हा गट लिंबाच्या कुलातही मुबलक आहे. लिंबे पिळून हात न धुता उन्हात बसले तर कातडीवर फोड येतात, काळे डाग उठतात, ते याच गटामुळे. झाडाच्या दृष्टीने हे कीटकांविरुद्धचे हत्यार आहे: पान खाल्ले की द्रव्य अंगात जाते आणि ऊन लागले की पेशी जळतात.

पॅपिलिओ प्रजातीतल्या ज्या अळ्या अशी पाने खातात, त्यांच्या आतड्यात हे द्रव्य मोडून टाकणारी विकरे असतात. एकदा ही ताकद आली की जे झाड इतरांना विष ते यांना मोकळे रान. मग तेच रसायन शेंगांच्या कुलातल्या झाडात भेटले, तर तिथेही पाय रोवता येतो. लिंबावरून क्युलेनवर झालेली उडी या समान रसायनामुळे शक्य झाली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे आणि मला तो पटतो. भारतातही बावचीवर या अळ्या वाढल्याच्या नोंदी आहेत. दोन खंडांतल्या दोन सवयींना जोडणारा दुवा आपल्या शेताच्या बांधावर उगवतो आणि आपण तो तण म्हणून उपटतो. याचा उल्लेख शेवटी पुन्हा करणार आहे, कारण वाचकाकडे त्याविषयी माझे एक मागणे आहे.

नकाशा पश्चिमेकडून वाचायला घेऊ. अरबी द्वीपकल्प, इराक, इराण; अलीकडे सीरिया आणि तुर्कस्तानच्या आग्नेय भागातूनही याच्या नोंदी आल्या आहेत. वाळवंटात हे फुलपाखरू राहते कसे, तर पाटाच्या पाण्यावर. ओमानच्या किनारपट्टीत खजुराच्या सावलीत लिंबाच्या बागा आहेत. ही लिंबे वाळवून काळी करतात आणि लूमी नावाने आखाती स्वयंपाकात वापरतात. जिथे माणसाने पाणी आणले तिथे लिंबू आले, लिंबू आले तिथे फुलपाखरू आले. मस्कत-दुबईला राहणारी मराठी घरे गच्चीत कढीपत्ता लावतात. त्यांच्या कुंडीवर ‘गावाकडची’ अळी दिसली की त्यांना आश्चर्य वाटते, पण अळी तिथलीच असते.

त्यापुढे आफ्रिका लागते, आणि तिथे नात्यातला दुसरा भाऊबंद आहे. सहाराच्या दक्षिणेला पॅपिलिओ डेमोडोकस. दिसायला इतका सारखा की फोटोवरून भलेभले फसतात. मादागास्करमध्ये याच गटातल्या आणखी तीन जाती आहेत. म्हणजे आपल्या फुलपाखराचे सगळे जवळचे नातलग हिंदी महासागराच्या पलीकडे आणि ते एकटे आशियात. या कुटुंबाचा मूळ गाव कोणता, ही चर्चा एका प्रकरणात आहे. प्रस्तावनेत तिच्यात शिरत नाही.

मधला प्रदेश आपला. पाकिस्तान, भारत, श्रीलंका, नेपाळ, म्यानमार, दक्षिण चीन. भारतात समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे २,१०० मीटर उंचीपर्यंत ते आढळते. सदाहरित जंगलात कमी, उघड्या रानात, पडीक जमिनीवर, नदीनाल्यांच्या काठी, बागांत भरपूर. पावसाळ्यात आणि त्यानंतर संख्या वाढते. ओल्या वाळूवर नर गर्दी करून क्षार चोखत बसतात, तेव्हा फोटो काढण्याची उत्तम संधी असते. २०१८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात लिंबूवर्गीय झाडांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या झाडांचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनान यांच्या पट्ट्यात दाखवले आहे. म्हणजे लिंबाचे माहेर या फुलपाखराच्या मुलखाच्या अगदी पोटात पडते.

यापुढे पूर्वेला गेले की नकाशा चमत्कारिक होतो. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षे मलाय द्वीपसमूहात हिंडला. १८६५ साली या द्वीपसमूहातल्या स्वॉलोटेल फुलपाखरांवर त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्याने मलाय द्वीपकल्प आणि सुमात्राकडच्या या फुलपाखराला मलायानस हे वेगळे नाव दिले. पण बोर्निओ आणि जावा ही मोठी, हिरवीगार बेटे मध्ये रिकामी होती. पलीकडे सुंबा, फ्लोरेस, न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियात ते पुन्हा भेटते. वाळवंटात तग धरणाऱ्या, ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळावर शेकडो मैल उडणाऱ्या फुलपाखराला जावा का जमू नये?

त्याचे उत्तर त्या बेटांवरच्या जंगलात आहे. दाट, सलग, अंधाऱ्या पर्जन्यवनात हे फुलपाखरू राहू शकत नाही. त्याला ऊन हवे, मोकळे आकाश हवे, कोवळी पालवी फुटणारी झुडपे हवीत. विसाव्या शतकात या बेटांवरचे जंगल तुटले, मळे आले, घराघरापुढे लिंबू लागला, आणि शतकाच्या उत्तरार्धात मधली पोकळी भरू लागली. २००२ साली बोर्निओ आणि बाली येथील त्याच्या अस्तित्वाविषयी शोधनिबंध छापून आला. फिलिपिन्समध्येही ते असेच फैलावले. आज नकाशावर अरबस्तानापासून ऑस्ट्रेलियापर्यंत एक सलग रंग भरता येतो. शाळेच्या भिंतीवर तो फार सुंदर दिसेल. मात्र त्या रंगाचा मधला भाग जंगलतोडीने भरला आहे, हे त्या नकाशाखाली लिहायला हवे. एखाद्या ठिकाणी फुलपाखरू नव्याने दिसू लागले की आपण टाळ्या वाजवतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. बोर्निओत या फुलपाखराचे येणे ही आनंदाची बातमी नव्हती.

डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या फुलपाखरांकडे आता परत जाता येईल. ती कुठून आली हे शोधण्यासाठी त्यांच्या जनुकांची तुलना आशियातल्या नमुन्यांशी केली गेली आणि २००६ साली निष्कर्ष छापला गेला. मूळ आग्नेय आशियाकडे निघाले, ऑस्ट्रेलियाकडे नव्हे. याचा व्यावहारिक अर्थ मोठा होता. ऑस्ट्रेलियातली उपजात आली असती तर संत्र्याच्या बागांना जवळजवळ धोका नव्हता. आली ती नेमकी लिंबावर जगणारी. ती कशी आली असेल? रोपाच्या खोडाला चिकटलेला, वाळक्या काटकीसारखा दिसणारा एखादा तपकिरी कोष अशा प्रवासाला पुरतो. त्याला पंख फुटायची वाटही पाहावी लागत नाही. तिथून पुढे मात्र ते आपल्या पंखांनीच गेले असावे: २००६ साली प्वेर्तो रिको, त्याच सुमारास जमैका, २००७ साली क्यूबा. २०२२ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, की वेस्ट येथे ते सापडले. फ्लोरिडाच्या संत्र्यांवर आधीच एका स्थानिक स्वॉलोटेलची अळी असते, तिला तिथले लोक ऑरेंज डॉग म्हणतात. आता तिला वाटेकरी आला. कॅरिबियन बेटांवर लिंबाच्या कुलावर जगणारी स्थानिक फुलपाखरे आहेत, काही तर फक्त त्याच बेटांवर सापडणारी. चिंता बागाईतदारापेक्षा त्यांची अधिक करायला हवी. बागाईतदाराकडे फवारणीचा पंप असतो.

आपल्या बागाईतदाराची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे पुस्तक शहरी हौसेचे ठरेल. विदर्भात संत्रा, जालन्याकडे मोसंबी, श्रीगोंद्याला लिंबू. नागपूरच्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्थाही नागपुरातच आहे. बागेत नवती फुटली की अळी येते. मृग बहाराच्या वेळी, पावसाबरोबर, सर्वांत जास्त. एका अळीच्या आयुष्यभराच्या खाण्यातला मोठा वाटा शेवटच्या हिरव्या अवस्थेत संपतो, म्हणून शेतकऱ्याला ती ‘एका रात्रीत’ आल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती आठवडाभर विष्ठेच्या वेशात समोरच बसलेली असते. रोपवाटिकेत वीतभर उंचीच्या रोपाला ती फक्त काडी करून सोडते आणि हे नुकसान खरे आहे, त्यावर वाद नको. दहा वर्षांच्या भरल्या झाडावर मात्र चार-सहा अळ्यांनी उत्पन्नात काही फरक पडत नाही. तरीही पंप दोन्हीकडे सारखाच चालतो.

फवारणीने अळीबरोबर तिचे शत्रूही मरतात. ट्रायकोग्रामा नावाची, टाचणीच्या टोकावर मावेल एवढी गांधीलमाशी तिच्या अंड्यांत अंडी घालते. दुसऱ्या काही जाती अळीत आणि कोषात वाढतात. घरी पाळलेल्या कोषातून फुलपाखराऐवजी बारीक माश्यांचा ढग बाहेर पडला की मुले हिरमुसतात. त्यांना सांगावे की बागेतली बिनपैशाची राखण ती हीच. रोपवाटिकेत सकाळी फेरी मारून अळ्या हाताने वेचणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो कृषी विभागाच्या शिफारशींतही असतो. फक्त वेचायला हिरवी अळी दिसेपर्यंत थांबू नये. काळी-पांढरी ‘विष्ठा’ ओळखायला शिकावे. या पुस्तकातली पहिल्या अवस्थांची छायाचित्रे मुद्दाम मोठ्या आकारात छापली आहेत ती यासाठी.

या विषयावर आपल्याकडे लिहिणाऱ्यांचे ऋण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. साताऱ्यात जन्मलेला एडवर्ड हॅमिल्टन ऐटकेन, जो ‘ईहा’ या नावाने लिहीत असे, मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात नोकरी करता करता कीटक पाहत हिंडला. डेव्हिडसन, बेल आणि ऐटकेन या तिघांनी कारवारच्या परिसरातल्या फुलपाखरांवर १८९६-९७च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. तिची थोरवी अशी की त्यांनी फुलपाखरे टाचणीला टोचून थांबणे नाकारले. अळ्या शोधल्या, पाळल्या, कोणती अळी कोणत्या झाडावर वाढते ते लिहून ठेवले. १९५७ साली त्याच संस्थेने विंटर-ब्लाइथ यांचे भारतीय प्रदेशातल्या फुलपाखरांवरचे पुस्तक काढले आणि दोन पिढ्यांनी ते दप्तरात वागवले. २००० साली कृष्णमेघ कुंटे यांचे द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवरचे पुस्तक आले. पुढे याच कुंट्यांनी आपल्या फुलपाखराच्या सख्ख्या शेजाऱ्यावर, म्हणजे कॉमन मॉरमॉनवर, काम करून त्याच्या माद्या विषारी फुलपाखरांची नक्कल करतात ती एका जनुकाच्या जोरावर, हे २०१४ साली दाखवून दिले. कॉमन मॉरमॉनची अळीही कढीपत्त्यावर वाढते. जागतिक कीर्तीच्या संशोधनाचा विषय आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असू शकतो, याचा याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

अळीच्या नोंदींचे हे काम मात्र नंतर मागे पडले. आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. फुलपाखरांचे फोटो ढिगाने निघतात आणि पंख पसरलेला, स्पष्ट, सुंदर फोटो काढला की काम झाले असे वाटते. त्या फोटोने फुलपाखरू तिथे होते एवढेच कळते. उडणारे फुलपाखरू वाऱ्याने कुठेही जाऊ शकते. अळी सापडली तरच ते तिथे नांदते असे म्हणता येते आणि ती कोणत्या झाडावर सापडली हे लिहिले तरच ते का नांदते ते कळते. जावा-बोर्निओची पोकळी का होती आणि ती कशी भरली, ऑस्ट्रेलियातले फुलपाखरू संत्र्याला का शिवत नाही, कॅरिबियन बेटांवर आलेले कोणत्या घराण्यातले, या सगळ्या प्रश्नांना अळीच्या ताटातले पान पाहिल्याशिवाय अर्थच येत नाही.

म्हणून वाचकांना विनंती. पुस्तक वाचून झाल्यावर आपल्या कुंडीत, परसात, बांधावर अळी शोधा. सापडली तर तारीख, गाव आणि झाडाचे नाव लिहा. झाडाचे नाव ठाऊक नसेल तर अळीबरोबर पानाचा आणि फुलाचाही फोटो काढा. घरच्या कढीपत्त्यावरची अळी काढून टाकू नका, झाड महिनाभरात पुन्हा पानांनी भरते. आणि खरिपाच्या दिवसांत मराठवाड्यात किंवा विदर्भात बांधावर जांभळ्या फुलांची बावची दिसली, तर ती उपटण्याआधी तिची पाने दोन्ही बाजूंनी उलटसुलट करून पाहा. बावचीवरच्या अळीच्या नोंदी आपल्याकडे फार थोड्या आहेत आणि त्यांची गरज फार मोठी आहे.